ऊब आणि ऐपत

एखाद्या राष्ट्राची नीति त्याच्या राज्यघटनेंत किंवा पुढाऱ्यांच्या व्याख्यानांत जितकी दिसते, त्याहून अधिक ती त्याच्या सरकारी अर्जांच्या नमुन्यांत दिसते, असें माझें फार दिवसांचें मत आहे. म्हाताऱ्या माणसाला सरकारनें कांहीं हात द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न सुधारलेल्या देशांत आतां उरलेला नाहीं. परंतु हात देण्यापूर्वीं त्याला किती प्रश्न विचारावयाचे, त्याचें पासबुक किती वेळां उलगडून पाहावयाचें, आणि त्यानें आपल्या दारिद्र्याची साक्ष कोणापुढें द्यावयाची, यावर मात्र अजून रणें माजतात. ब्रिटनमध्यें २०२४ व २०२५ या दोन वर्षांत असेंच एक रण माजलें. निमित्त दिसावयास अगदीं क्षुल्लक होतें: थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्यांना घर गरम ठेवण्यासाठीं मिळणारे वर्षाकाठचे दोनशें-तीनशें पौंड. पण या क्षुल्लक रकमेनें पार्लमेंटांत प्रचंड बहुमत असलेल्या सरकारला वर्षाच्या आंत माघार घ्यावयास लावली. ती माघार भित्रेपणाची कीं शहाणपणाची, हा वाद्य विषय आहे. माझ्या मतें ती शहाणपणाची होती, पण अर्धवट शहाणपणाची. आणि असें कां म्हणतों, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम वस्तुस्थिति. ‘विंटर फ्युएल पेमेंट’ या नांवाचा हा इंधनभत्ता १९९७ सालीं मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनीं सुरू केला. पहिल्या हिंवाळ्यांत तो सामान्य पेन्शनराच्या घराला २० पौंड आणि अगदीं गरिबाच्या घराला ५० पौंड एवढाच होता. पुढें वाढत वाढत तो घरटीं २०० पौंडांवर, आणि ऐशीं वर्षांचें माणूस असलेल्या घराला ३०० पौंडांवर स्थिरावला. येथें ‘पेन्शनर’ या शब्दानें आपल्या वाचकांनीं निवृत्त मामलेदार किंवा हेडमास्तर डोळ्यांपुढें आणूं नये. ब्रिटनमध्यें ठराविक वय गांठलेल्या आणि उमेदीच्या काळांत राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरलेल्या प्रत्येकाला सरकारी वार्धक्यवेतन मिळतें. त्यांत कापडगिरणींत राबलेली कामकरीण आली, बसचा कंडक्टर आला, आणि सरदारघराण्यांतला जमीनदारही आला. इंधनभत्त्यासाठीं बहुतेकांना अर्ज करावा लागत नसे. हिंवाळ्याच्या तोंडीं तो आपोआप त्यांच्या खात्यांत जमा होई. त्यावर प्राप्तिकरही नव्हता.

हा भत्ता हवाच कशाला, असें उष्ण देशांतील माणसाला वाटणें स्वाभाविक आहे. थंडीनें मरणें म्हणजे हिमालयांत वाट चुकून गोठून जाणें, एवढीच आपली कल्पना. ब्रिटनमधील म्हातारा गोठून क्वचितच मरतो. थंड खोलींत दिवसचे दिवस बसलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त दाट होतें, छातीचे जुने विकार उचल खातात. आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण पडतें तें हृदयविकाराचें, पक्षाघाताचें किंवा न्यूमोनियाचें. थंडी हा असा गुन्हेगार आहे कीं, त्याचें नांव फिर्यादींत येतच नाहीं. घरांतील उष्णतामान निदान १८ अंश सेल्सियस राखावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सांगितलें. पण ब्रिटनमधील लाखों घरें व्हिक्टोरिया राणीच्या काळांतलीं, विटांच्या पातळ भिंतींचीं आणि जुन्या खिडक्यांचीं. एका बाजूनें गॅस जाळावा आणि दुसऱ्या बाजूनें ऊब रस्त्यावर जावी, असा तेथील प्रकार. त्यांतून २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर गॅसचे भाव भडकले. २०२४ च्या ऑक्टोबरांत सामान्य घराच्या वार्षिक वीज-गॅसखर्चाची सरकारी नियामकानें ठरविलेली पातळी १,५६८ पौंडांवरून १,७१७ पौंडांवर गेली.

घाव पडला तो नेमका या ऑक्टोबरच्या तोंडावर. चौदा वर्षांनीं सत्तेवर परतलेल्या मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनीं २९ जुलै २०२४ रोजीं जाहीर केलें कीं, आधींच्या सरकारनें हिशेबांत २,२०० कोटी पौंडांचें खिंडार मागें ठेवलें असून, यापुढें इंग्लंड व वेल्समध्यें हा भत्ता फक्त ‘पेन्शन क्रेडिट’ किंवा तत्सम दारिद्र्यसाहाय्य घेणाऱ्यांनाच मिळेल. सुमारें एक कोटी म्हाताऱ्यांचा भत्ता त्या हिंवाळ्यापासून बंद झाला. उरले ते पंधरा लाखांच्या आसपास. बचत व्हावयाची होती वर्षाला सुमारें दीडशें कोटी पौंडांची. १० सप्टेंबर रोजीं हा निर्णय रद्द करण्याचा विरोधकांचा ठराव कॉमन्स सभेनें ३४८ विरुद्ध २२८ मतांनीं फेटाळला. मौज अशी कीं, २०१७ सालीं थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षानें हाच भत्ता ऐपत पाहून देण्याचा मनसुबा आपल्या जाहीरनाम्यांत मांडला, तेव्हां गहजब करणाऱ्यांत मजूर पक्ष आघाडीवर होता. विरोधी बाकांवर बसून जें पाप दिसतें, तेंच खजिन्याच्या किल्ल्या हातीं आल्यावर काटकसर दिसूं लागतें, हा अनुभव कांहीं एकाच देशाचा नव्हे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडणें न्यायाचें होईल. ते म्हणतात: सरकारचा पैसा म्हणजे अखेर करदात्याचा पैसा. ज्याच्या दाराशीं दोन मोटारी उभ्या आहेत आणि ज्याचें स्वतःचें घर लाखों पौंड किंमतीचें आहे, त्या गृहस्थाला शेकण्यासाठीं पैसे देणें, आणि त्याच वेळीं भाड्याच्या दोन खोल्यांत मुलें वाढविणाऱ्या तरुण जोडप्याकडून कर वसूल करणें, हा कोठला न्याय? म्हातारा म्हणजे गरीब, हें समीकरण एके काळीं खरें होतें. आज तें सरसकट खरें नाहीं. कित्येक सुखवस्तु पेन्शनर आपण होऊन सांगतात कीं, आम्हांला हा पैसा नको, आम्ही तो धर्मादाय देतों. मग ज्याला खरी गरज आहे त्यालाच, आणि हवा तर थोडा अधिक द्यावा. बाकीच्यांचा बंद करावा.

हें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड वाटतें. मलाही प्रथमदर्शनीं तें पटलें होतें, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. परंतु त्यांत एक शब्द असा आहे कीं, त्याच्यावरून बोलणारा सहज घसरून जातो. तो शब्द म्हणजे ‘ज्याला खरी गरज आहे त्यालाच’ यांतील अखेरचा ‘च’. गरजवंत ओळखावयाचा कसा? तो कांहीं कपाळावर टिळा लावून हिंडत नाहीं. त्याला निवडावयाचें तर चाळणी हवी; आणि राज्यकारभाराचा सारा अनुभव असा कीं, या चाळणींतून कोंडा जितका गळतो, तितकाच दाणाही गळतो.

आकडेच पाहावे. ज्या पेन्शन क्रेडिटला २०२४ मध्यें इंधनभत्ता बांधला, तें मिळण्यास पात्र असूनही न घेणारीं कुटुंबें ८,८०,००० पर्यंत असावींत, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. पात्र असलेल्या दर तिघांपैकीं एकाहून अधिक या हक्काच्या पैशापासून दूर होता. म्हणजे देशांतील सर्वांत गरीब म्हाताऱ्यांपैकीं लाखों माणसें अशीं कीं, ज्यांना जुन्या रीतीनें निदान इंधनभत्ता तरी आपोआप मिळत होता. नव्या रीतीनें तोही गेला. जमीनदाराचे दोनशें पौंड वांचविण्यासाठीं त्याच्या म्हाताऱ्या मोलकरणीचे दोनशें पौंड बुडाले. आणि याला नांव काय, तर ‘गरजवंताकडे लक्ष केंद्रित करणें’! पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें सरकारनेंच आपला हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांत असें निघालें कीं, या एका निर्णयानें येत्या वर्षांत ५०,००० ते १,००,००० अधिक पेन्शनर सापेक्ष दारिद्र्याच्या रेषेखालीं जातील. निर्णय जुलैंत, मतदान सप्टेंबरांत, आणि हा हिशेब लोकांपुढें नोव्हेंबरांत. आधीं लग्न आणि मग पत्रिका, असा हा क्रम होता.

बरें, चाळणी ज्या जागीं बसविली ती जागा तरी नीट होती काय? २०२४-२५ सालीं एकट्या माणसाला पेन्शन क्रेडिट मिळण्याची मर्यादा आठवड्याला २१८.१५ पौंड होती. आणि नव्या पद्धतीचें पुरें सरकारी वार्धक्यवेतन होतें आठवड्याला २२१.२० पौंड. अंतर तीन पौंड पांच पेन्सांचें. आतां भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन एकट्या बायका घ्या. पहिलीचे हप्ते थोडे कमी भरलेले, म्हणून तिचें वेतन मर्यादेच्या खालीं. सरकार तें २१८.१५ पर्यंत भरून देतें आणि वर इंधनाचे २०० पौंड देतें. तिला वर्षाला सुमारें ११,५४४ पौंड मिळाले. दुसरीनें आयुष्यभर नेमानें हप्ते भरले. तिला वर्षाला सुमारें ११,५०२ पौंड मिळाले, आणि इंधनभत्ता नाहीं. म्हणजे जी सरकारच्या लेखीं ‘श्रीमंत’, ती ‘गरिबा’हून ४२ पौंडांनीं गरीब! शिवाय पेन्शन क्रेडिटच्या मागून येणाऱ्या इतर सवलती पहिलीलाच, त्या निराळ्याच. पहिलीला मिळालें याचें मला दुःख नाहीं. दुसरीचा अपराध काय, एवढेंच मी विचारतों. दोन मोटारींच्या धनिकावर नेम धरला आणि बाण लागला तो तीन पौंडांच्या धनिणीला.

यावर कोणी म्हणेल कीं, पात्र असूनही जे अर्ज करीत नाहींत, तो त्यांचा दोष. अर्ज करावा आणि पैसे घ्यावे. सरकारनें काय घरोघर जाऊन विनवण्या कराव्या? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं थोडें इतिहासांत शिरावें लागेल. कारण इंग्रज म्हाताऱ्याचा अर्जाविषयींचा संकोच हा आळस नव्हे, ती पिढ्यान् पिढ्या मुरलेली आठवण आहे.

१८३४ च्या गरीब-कायद्यानें मदत हवी असणाऱ्याला अनाथ-कारखान्याचें, म्हणजे ‘वर्कहाऊस’चें दार दाखविलें, तें मुद्दाम असें केलें होतें कीं, शरम वाटून माणसानें तेथें पाऊल ठेवूं नये. १९०८ सालीं वार्धक्यवेतनाचा कायदा झाला, तेव्हां सत्तर वर्षांच्या गरिबाला आठवड्याला पांच शिलिंग मिळूं लागले. त्यालाही उत्पन्नाची अट होती. वर्षाला २१ पौंडांच्या आंत उत्पन्न असेल तरच पुरे पांच. परंतु त्या कायद्यांत एक मोठें शहाणपण होतें: ते पैसे गरीब-कायद्याच्या कचेरींत न देतां पोस्टांत दिले जात. पोस्टांत कोणीही जातो; पत्र टाकावयास जाणारा आणि वेतन घ्यावयास जाणारा एकाच दारानें आंत शिरतात. रक्कम तीच, पण दार बदललें, आणि दाराबरोबर माणसाची मानही ताठ झाली.

मग १९३१ सालीं बेकारीच्या वणव्यांत तें दार पुन्हां बदललें. बेकाराला मदत देण्यापूर्वीं साऱ्या कुटुंबाची ऐपत पाहण्याचा नियम निघाला. तपासनीस घरीं येऊन सामानसुमान पाही, मुलगा काय मिळवितो, मुलगी काय आणते, हें विचारी, आणि तितकी बापाची मदत कापी. इंग्रजी भाषेंत ‘मीन्स टेस्ट’ हे दोन साधे शब्द तेव्हांपासून शिवीसारखे झाले. जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द रोड टु विगन पिअर’ या पुस्तकांत त्याचा परिणाम नोंदविला आहे: मुलाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्याचें वेतन घराच्या हिशेबांत धरून मुलाची मदत कापली जाई, आणि म्हणून सत्तरी उलटलेल्या बापाला स्वतःच्या माणसांतून उठून परक्या खाणावळींत जाऊन राहावें लागे. काटकसरीचा नियम करणाऱ्याच्या मनांत कुटुंबें फोडण्याचा हेतु नव्हता. परंतु कुटुंबें फुटलीं. १९४१ सालीं ती घरदार तपासणारी परीक्षा मोडीत निघाली; १९४२ च्या अहवालांत विल्यम बेव्हरिज यांनीं या परीक्षेचा लोकांना किती तिटकारा आहे हें ओळखून, हप्ते भरणाऱ्याला ऐपत न विचारतां हक्कानें मिळणाऱ्या साहाय्याचा पाया घातला.

आज ज्यांचें वय ऐशीं-नव्वदीचें आहे, तीं माणसें त्या काळच्या आईबापांच्या मांडीवर वाढलेलीं. त्यांना सरकारनें काय सांगितलें? तर पेन्शन क्रेडिटचा अर्ज भरा, म्हणजे दोनशें पौंड मिळतील. त्या छापील अर्जांत दोनशेंहून अधिक प्रश्न असल्याचें २०२४ मध्यें बरेंच गाजलें. ते सर्वच प्रश्न प्रत्येकाला लागू होत नाहींत हें खरें. पण कोणते लागू नाहींत हें कळण्यासाठीं तरी ते वाचावे लागतातच. ज्याचे डोळे अधू, हात कांपरा, आणि आयुष्यांत कोणाचें देणें राहूं दिलें नाहीं हाच ज्याचा एकुलता एक अभिमान, तो म्हातारा हा अर्ज मिटून ठेवतो आणि अंगावर आणखी एक लोकरी बंडी चढवितो. त्याला आळशी म्हणणाऱ्यानें आपल्या वडिलांकडे एकदां नीट पाहावें.

सरकारपक्षाचें यावर एक उत्तर आहे, आणि तें टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, आमच्या निर्णयामुळें लोक जागे झाले. पेन्शन क्रेडिटचे अर्ज पुढील कांहीं महिन्यांत दुपटीहून अधिक झाले. आणि ज्याला तें मिळतें त्याला सरासरीनें वर्षाला ३,९०० पौंडांचा लाभ होतो. उत्तम झालें. पण यांतून सिद्ध काय होतें? हेंच कीं, इतकीं वर्षें हीं माणसें हक्क असून उपाशी होतीं, आणि सरकारला तें ठाऊक होतें. त्यांना शोधून काढण्यासाठीं एक कोटी माणसांना थंडीचें भय घालण्याची गरज नव्हती; उत्पन्नाचे आणि वेतनाचे कागद सरकारच्याच दोन खात्यांत पडलेले आहेत. घरांत हरवलेली सुई शोधण्यासाठीं घराला आग लावावी, आणि उजेड चांगला पडला म्हणून पाठ थोपटून घ्यावी, असा हा युक्तिवाद आहे.

आणखी एक आक्षेप तज्ज्ञांचा. ते म्हणतात, इंधनभत्ता हें नुसतें नांव. पैसा तो पैसा. म्हातारे तो कशावरही खर्च करतात. वाङ्मयाच्या अध्यापकाला नांवाचें महत्त्व पटवून द्यावें लागत नाहीं. पण येथें अर्थशास्त्रज्ञांनींच साक्ष दिली आहे. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’मधील संशोधकांनीं घरखर्चाचे आंकडे तपासून दाखविलें कीं, या भत्त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम खरोखरच इंधनावर खर्च होते, तेवढाच पैसा नुसता उत्पन्नांत मिसळून आला असता, तर त्यांतला जेमतेम तीन टक्के इंधनाकडे गेला असता. म्हातारा मनाशीं म्हणतो, हे पैसे शेकण्यासाठीं दिलेले आहेत, तेव्हां शेकण्यास हरकत नाहीं. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला नुसता पैसा पुरत नाहीं. तो खर्च करण्याची परवानगीही लागते. तें नांव ही ती परवानगी होती.

राहिला प्रश्न तरुणांचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. म्हाताऱ्यांना जपतांना मुलांकडे दुर्लक्ष होत आहे, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु त्यावर उपाय म्हणून वयावर कर बसवावा, हें तर्कशुद्ध नाहीं; उत्पन्नावर बसवावा. आणि येथें सुखवस्तु म्हाताऱ्याला गांठण्याचा सरळ राजमार्ग असतांना सरकार आडवाटेनें कां गेलें, हें मला कळत नाहीं. ब्रिटनमध्यें पेन्शनचें वय गांठलेल्या माणसाला आपल्या कमाईवर राष्ट्रीय विम्याचा हप्ता द्यावा लागत नाहीं, आणि खाजगी पेन्शनच्या उत्पन्नावरही तो नाहीं. वर्षाला ५०,००० पौंड पेन्शन घेणारा या हप्त्यांत एक पेनीही भरीत नाहीं; त्याच्या निम्म्या पगारावरचा तरुण कारकून मात्र दर महिन्याला भरतो. धनिक म्हाताऱ्याकडून न्यायानें कांहीं घ्यावयाचें असेल, तर हें दार उघडें होतें. तें ठोठावण्याचें धैर्य झालें नाहीं. आणि दोनशें पौंडांसाठीं विधवेच्या स्वयंपाकघरांत हात घातला गेला.

अखेर व्हावयाचें तें झालें. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाला जबर मार बसला. त्याच दिवशीं झालेल्या रनकॉर्नच्या पोटनिवडणुकींत तर त्याची जागा अवघ्या सहा मतांनीं गेली. त्या महिन्यांतच पंतप्रधान कीर स्टार्मर यांनीं फेरविचार होईल असें सांगितलें. आणि ९ जून २०२५ रोजीं अर्थमंत्र्यांनीं नवी रीत जाहीर केली. भत्ता पुन्हां सर्व पेन्शनरांना आपोआप द्यावयाचा. पण ज्याचें करपात्र उत्पन्न वर्षाला ३५,००० पौंडांच्या वर आहे, त्याच्याकडून तो करखात्यानें परत घ्यावयाचा. सुमारें नव्वद लाख म्हातारे भत्त्याखालीं आले आणि वीस लाख वगळले गेले.

या माघारींत जें शहाणपण आहे तें मोठें आहे. आधीं द्या, मग ज्याला झेपेल त्याच्याकडून घ्या. परीक्षा दाराशीं नको, ती तिजोरीच्या वाटेवर होऊं द्या. गरिबाला कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. सिद्ध करण्याचा भार, असलाच तर, धनिकाच्या कागदांवर पडतो, आणि ते कागद करखात्याकडे आधींच असतात. १९०८ सालीं पोस्टाच्या दारानें जें साधलें, तेंच हें.

पण अर्धवटपणा असा कीं, येथेंही कडा तुटलेलाच ठेवला. ज्याचें उत्पन्न नेमकें ३५,००० पौंड, त्याला सगळा भत्ता. एक पौंड वर गेला कीं सगळा परत. शिवाय हें उत्पन्न माणशीं मोजावयाचें. म्हणून नवराबायको प्रत्येकीं ३५,००० मिळवीत असतील, तर ७०,००० पौंडांच्या त्या घराला दोनशें पौंड शाबूत. आणि ३५,००१ पौंडांवर एकटीनें घर चालविणारी बाई रिकाम्या हातानें. पुन्हां तोच शेजारणींचा तमाशा, फक्त अधिक चांगल्या मोहल्ल्यांत.

याहून सोपा मार्ग समोर आहे. सरकारी वार्धक्यवेतन जसें करपात्र आहे, तसा इंधनभत्ताही करपात्र करावा. नवी मर्यादा नको, नवा अर्ज नको. ज्याचें उत्पन्न १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या आंत आहे, त्याला दोनशेंचे दोनशें राहतील. साध्या दरानें कर भरणारा त्यांतले चाळीस परत देईल, आणि वरच्या दराचा ऐशीं. कोठेंही कडा नाहीं, उतार आहे. म्हाताऱ्या माणसाला उतारच बरा. यांतून खजिन्यांत पूर्वीच्या बेताएवढा पैसा येणार नाहीं, हें मला मान्य आहे. जो अधिक हवा असेल, तो वर सांगितलेल्या विम्याच्या सवलतींतून, उघडपणें आणि साऱ्या उत्पन्नाच्या मानानें मागावा. जमीनदाराच्या खिशांत एकशें वीस पौंड राहिले, याचें कोणाला वैषम्य वाटत असेल, तर त्यानें तें त्याच्या जमिनीवरील करांतून काढावें; शेकोटीवरून काढूं नये. जी सवलत केवळ गरिबांची होते, तिचा कोणी वालीही उरत नाहीं. इंधनभत्ता परत आला तो एक कोटी माणसें रागावलीं म्हणून. ते पंधरा लाख एकटेच असते, तर त्यांचा आवाज वेस्टमिन्स्टरपर्यंत पोंचला असता काय, हें वाचकांनींच ठरवावें.

हा सारा वाद दूरच्या देशांतला आहे. आपल्यांतील कित्येक घरांतील काकामावशी तिकडेच म्हातारीं झालीं, लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून नांदतें आहे, तेव्हां तो अगदींच परका नाहीं. परंतु तो आपला होण्याचें खरें कारण निराळें आहे. आपल्याकडे निराधार वृद्धांसाठीं श्रावणबाळाच्या नांवानें निवृत्तिवेतनाची योजना आहे. श्रावणबाळ हा काय आदर्श, हें सांगावयास नको. त्या योजनेंत वर्षानुवर्षें दाखला मागितला गेला तो कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असल्याचा. म्हणजे साऱ्या घराचें महिन्याला १,७५० रुपये. मुलगा चार पैसे मिळवूं लागला कीं बापाचा हक्क डळमळीत, हाच त्या १९३१ च्या परीक्षेचा न्याय. खरी कांवड खांद्यावर असलेल्या मुलालाच आईबापांच्या आड आणावयाचें, आणि योजनेला त्याचें नांव द्यावयाचें, यांतील विसंगति आपल्या ध्यानांत आली नसेल, तर ब्रिटनकडे पाहून ती यावी, एवढ्यासाठीं हा खटाटोप.

गरजवंताला अधिक द्यावें, या तत्त्वाशीं माझें भांडण नाहीं. भांडण आहे तें, त्यानें आधीं आपली गरज चव्हाट्यावर मांडावी, या आग्रहाशीं. सधनाकडून घेण्यास सरकारजवळ कर आहे, कायदा आहे, कागद आहेत. निर्धनाजवळ आपल्या मानेखेरीज कांहीं नसतें. तेव्हां परीक्षा कोणाची तरी घेणें भागच असेल, तर ती ज्याच्याजवळ अधिक आहे त्याची घ्यावी. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला विचारावयाचा प्रश्न एकच: खोली उबदार आहे ना? बाकीचे दोनशें प्रश्न सरकारनें आपल्या दप्तरालाच विचारावे.